त्याला कळत नाही, मग ख्रिस्तप्रसाद कसा द्यायचा?

मरोळच्या गावठाणातली ही आई माझ्याकडे आली ती मुलाच्या अभ्यासासाठी नव्हे. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) मुलाला डाउन सिंड्रोम. बरोबरीच्या मुलांचं पहिलं कम्युनियन (चर्चमधल्या उपासनेत, म्हणजे मिस्सेत, ख्रिस्तप्रसादाची भाकर पहिल्यांदा घ्यायचा विधी) होऊन गेलं. कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, बाई म्हणाल्या, "त्याला काय गरज? तो तर देवदूतच आहे." नणंदेने आईबापाचं पाप काढलं. वांद्र्याला मोतमाउलीपुढे (माउंट मेरीच्या चर्चमध्ये) नवसाचं मेणाचं डोकंही वाहून झालं होतं.

"मॅडम, त्याला देवच कळत नसेल तर तो देवाचा कसा?"

अशा वेळी 'धर्म बाजूला ठेवा' म्हणणं मला पटत नाही. प्रश्न श्रद्धेतून आलाय, तर उत्तरही तिथेच शोधावं. पापाचा मुद्दा लवकर मिटला. योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य हेच विचारतात: पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. 21 व्या गुणसूत्राची जादा प्रत हे कारण त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं होतंच. पण नणंदेपुढे गुणसूत्र चालत नाही, योहान चालतो.

देवदूत म्हणणं मला जास्त खुपलं. गोड बोलून पोराला रांगेबाहेर काढायचं.

कॅथलिक चर्चचा कायदा मुलांकडून पुरेसं ज्ञान आणि तयारी मागतो, हे खरं. पण 2007 साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी लिहिलं, की बौद्धिक अक्षमता असलेल्यांनाही शक्य तिथे ख्रिस्तप्रसाद मिळावा. कुटुंबाच्या आणि सोबतच्या मंडळींच्या विश्वासातूनही ते तो घेतात. म्हणजे सगळं ओझं पोराच्या पाठांतरावर नाही. हे ऐकल्यावर त्या रडल्या नाहीत, चिडल्या. "मग मला इतकी वर्षं कोणी सांगितलं का नाही?" राग रास्त होता.

निर्णय धर्मगुरूंचा, म्हणून आम्ही फादरांना भेटलो. त्यांनी एवढंच पाहायचं ठरवलं, की ही भाकर रोजच्या खाऊसारखी नाही हे त्याला त्याच्या परीने उमगतं का. सरावासाठी अर्पण न झालेली भाकर दिली. ती टाळूला चिकटली की तो थुंकायचा. मग छोटा तुकडा आणि वर घोटभर पाणी. घरी खाऊ मागताना आरडाओरडा करणारा हा मुलगा मिस्सेत हात जोडून थांबायला लागला. फादरांना तेवढं पुरलं.

कम्युनियन रविवारच्या मिस्सेत, सगळ्यांबरोबर झालं. नणंदेशी अबोला अजून आहे, आणि तो सोडायची घाई करा असं मी सांगितलेलं नाही.