डिग्री सोडून बिझनेस करायचा म्हणते, हो म्हणू का?

ताई, पत्र वाचलं. मुलगी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सेकंडहँड लॅपटॉप दुरुस्त करून विकायचा बिझनेस करायचाय म्हणून कॉलेज सोडते म्हणतेय आणि तुम्ही विचारताय की घरातली सेव्हिंग तिला द्यावी का.

आधी तिला एवढंच विचारा की आत्तापर्यंत ओळखीपाळखीच्या बाहेरच्या किती जणांना लॅपटॉप विकलास, रोख पैसे घेऊन? उत्तर शून्य असेल तर सध्या तिच्याकडे नुसती आयडिया आहे, आणि आयडियासाठी कोणी कॉलेज सोडत नाही हो. चार-पाच विकले असतील तर मात्र तिचं म्हणणं सिरियसली घ्या.

कॉलेज सोडून करोडपती झालेल्यांचे व्हिडिओ ती बघत असणारच. गंमत म्हणजे हे किस्से ज्या अमेरिकेतून येतात तिथल्याच रिसर्चरनी तिथल्या सगळ्यात वेगाने वाढलेल्या कंपन्या तपासल्या तर कंपनी सुरू करताना फाउंडरचं सरासरी वय निघालं 45, आणि ज्यांनी आधी त्याच लाइनमध्ये काम केलं होतं त्यांचे चान्सेस बरेच जास्त. म्हणून म्हणतो, कॉलेज चालू ठेवून रोज दोन-तीन तास एखाद्या रिपेअरिंगवाल्याकडे काम करू दे तिला. कुठला पार्ट कितीला पडतो, विकलेला पीस आठवड्यात परत आला तर काय करायचं, चोरीचा माल कसा ओळखायचा, उधारी कुठे अडकते, हे तिथेच कळतं.

आपल्यासारख्या डेव्हलपिंग देशांत अजून एक भानगड आहे, इथे कितीतरी लोक नोकरी मिळत नाही म्हणून धंद्यात पडतात, हौसेने नाही. तुमची मुलगी हौसेने पडतेय हे चांगलंच, पण धंदा बसला तर नोकरीचा दरवाजा उघडा राहावा यासाठी डिग्री लागते.

ते महागडे आंत्रप्रेन्युअरशिप कोर्स मात्र घेऊ नका, सर्टिफिकेट भिंतीवर लावण्यापलीकडे फारसा उपयोग नाही (माझं स्पष्ट मत, राग आला तर येऊ दे). आफ्रिकेतल्या टोगोमध्ये 1,500 छोट्या धंदेवाल्यांवर प्रयोग झाला होता, 2017 मध्ये छापून आला. काहींना हिशेब-मार्केटिंगचं नेहमीचं ट्रेनिंग, काहींना स्वतःहून पुढाकार घ्यायचं, अडचण आली तरी टिकून राहायचं ट्रेनिंग. दुसऱ्या गटाचा नफा 30 टक्क्यांनी वाढला, पहिल्याचा 11, आणि तोही योगायोग नाही असं खात्रीने म्हणता येईना. म्हणजे हिशेब-मार्केटिंगच्या धड्यांपेक्षा पुढाकार आणि चिकाटीने जास्त फरक पडला.

आता पैसे. युगांडात 2008 च्या सुमारास सरकारने बेरोजगार तरुणांना हुन्नर शिकायला आणि अवजारं घ्यायला परत न करायचे पैसे दिले. चार वर्षांनी त्यांची कमाई पैसे न मिळालेल्यांपेक्षा 38 टक्के जास्त होती, पण नऊ वर्षांनी बघितलं तर बाकीच्यांनी त्यांना गाठलं होतं. म्हणजे पैशाने सुरुवात लवकर होते, पुढची गॅरंटी नाही. तेव्हा सगळी सेव्हिंग अजिबात देऊ नका, दुकानाचं डिपॉझिट आणि इंटिरियर तर विसराच. टूलकिट आणि दोन-तीन जुने लॅपटॉप येतील एवढेच द्या, ते विकून आलेल्या पैशातून पुढचे घेऊ दे, आणि वही तिनेच लिहायची, कॉमर्सवाली आहे ना!

सहा महिन्यांनी रिपेअरिंगचा, येण्याजाण्याचा खर्च धरूनही नफा दिसत असेल तर कॉलेजच्या ऑफिसमध्ये एक वर्ष गॅप घेता येते का विचारा आणि परत ॲडमिशन मिळायची अट लेखी घ्या. तोवर नाव काढायचा अर्ज देऊ नका.