हेतू नव्हता, म्हणून सुटका होते का?

प्रश्न : नमस्कार ताई. आमच्या गावात लय दिवसापासून एक झगडा सुरू आहे. माझ्या धुऱ्याला लागून ज्याचं वावर आहे त्यानं चन्यात रानडुकरं घुसतात म्हणून कुंपणाच्या तारेत रात्री मोटरपंपाच्या लाईनचा डायरेक्ट करंट सोडला. पहाटे गावातल्याच एकाची म्हैस दावं तोडून तिकडं गेली अन् तारेले चिकटून मेली. तो म्हणते, "मले म्हैस मारायचीच नव्हती, तार डुकरासाठी होती, हेतूच नव्हता तर भरपाई कायले देऊ?" म्हैसवाला म्हणते मुद्दाम मारली, अन् अर्धं गाव त्याच्याकडून बोलून राहिलं. पण त्याच तारेमुळं माझाही चना वाचला, तो त्यानं मुद्दाम वाचवला असं मात्र कोणीच म्हणत नाही. हेतू नव्हता म्हणजे दोष नाही का?
– एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : भाऊ, शेजाऱ्याचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. समजा म्हैस त्या रात्री गोठ्यातच राहिली असती, तर सकाळी तो "आपलं काम फसलं" म्हणाला असता का? नाही ना. डुकरं येऊन चना उकरून गेली असती तर मात्र नक्की म्हणाला असता. म्हणजे म्हैस मारणं हा हेतू नव्हता, आणि "मुद्दाम मारली" हा आरोप मला जास्तीचा वाटतो.

पण म्हणून तो सुटला असं अजिबात नाही. एलिझाबेथ अ‍ॅन्सकोम नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी 1957 मध्ये हेतू या एकाच विषयावर छोटंसं पुस्तक लिहिलं, त्यात एक माणूस हातपंप मारून एका घराच्या टाकीत पाणी चढवतोय, पाण्यात कोणीतरी विष कालवलंय, आणि त्या पंपवाल्याला ते माहीत असलं तर तो नक्की काय करतोय असं म्हणायचं, हा प्रश्न त्या सोडत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की मनातल्या मनात "मी फक्त पाणी भरतोय" असं वाक्य म्हटल्यानं हेतू ठरत नाही. माणसाला "हे का करतोय?" विचारत जायचं आणि त्याची उत्तरं त्याच्या कामाशी जुळतात का ते बघायचं.

तुमच्या शेजाऱ्याला असंच विचारत जा. वायर का जोडली? तारेत करंट यावा म्हणून. करंट का? शिवेल ते मरावं म्हणून. इथं थांबा, कारण माझ्या मते सगळं इथंच आहे. तारेला डुक्कर आणि म्हैस यातला फरक कळत नाही, जागल करायला निघालेला माणूसही कळत नाही. त्यानं "डुक्कर मारणारी" तार लावलीच नव्हती, तशी तार नसतेच, त्यानं जे शिवेल त्याला मारणारी तार लावली आणि ती जाणूनबुजून लावली. डायरेक्ट लाईनचा करंट सलग वाहतो, अंगाचे स्नायू आखडतात आणि चिकटलेला जीव सुटत नाही, हे खेड्यात कोणाला सांगावं लागत नाही. सोलरच्या झटका मशीनमध्ये करंट क्षणभराचा, थांबून थांबून येतो, म्हणून जनावर दचकून मागं सरतं. दोन्ही तारा डुकरासाठीच, पण दोन वेगळी कामं आहेत.

आणखी एक बघा. ज्याला खरंच कोणाचा जीव जायला नको असतो तो त्यासाठी काहीतरी करतो. गुराख्याला सांगतो, तारेवर चिंध्या बांधतो, रात्रभर तिथं बसतो. यातलं त्यानं काय केलं ते गावानं विचारावं, "मला नको होतं" या वाक्याची किंमत त्यावरून ठरेल.

कायद्यातही हेतू आणि जाणीव वेगवेगळ्या धरल्यात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 मध्ये नुकसान करायचा हेतू असो किंवा नुकसान होण्याची शक्यता आहे हे माहीत असो, दोन्ही चालतं. माणूस मेला असता तर कलम 100 मध्येही मरण्याची शक्यता माहीत असणं पुरेसं धरलंय. म्हणजे "हेतू नव्हता" एवढ्यावर तिथंही भागत नाही.

आता तुमचा चना. तुम्ही फार बारीक गोष्ट पकडलीत. अमेरिकेतल्या जोशुआ नोब या तत्त्वज्ञांनी 2003 मध्ये लोकांना एक कथा सांगितली, कंपनीचा अध्यक्ष म्हणतो मला फक्त नफा हवा, पर्यावरणाचं काय व्हायचं ते होवो. पर्यावरणाचं नुकसान झालं तेव्हा 82 टक्के लोक म्हणाले मुद्दाम केलं, तीच कथा पर्यावरणाचा फायदा झाला म्हणून सांगितली तर 23 टक्केच. अध्यक्षाच्या मनात दोन्हीकडं तेच होतं. गावाचंही तसंच झालंय, दोष आधी दिसला आणि हेतू त्याच्यावर मागून चिकटवला. म्हणून बैठकीत "मुद्दाम" या शब्दावर रात्र घालवू नका. शेजाऱ्यानं म्हशीची भरपाई द्यावी आणि ती तार आजच काढावी. डुकरांनी खाल्लेल्या पिकासाठी वनविभागाकडं अर्ज करता येतो, तो तुम्ही दोघं मिळून करा, त्याचं नुकसानही खोटं नाही.

प्रश्न : खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) सोडायचा हे मनापासून पटलंय, पण पानठेल्यावर गेलो की सुटत नाही. मित्र म्हणतो तुला सोडायचाच नाही, नाहीतर सोडला असता. खरं आहे का?
– एक वाचक, गडचिरोली जिल्हा

उत्तर : मित्राचं म्हणणं सॉक्रेटिसच्या जवळ जातं, चांगलं काय ते खरंच कळलेला माणूस वाईट करणार नाही असं तो म्हणायचा. अ‍ॅरिस्टॉटलला ते पटलं नाही आणि मलाही पटत नाही, कळतं पण वळत नाही ही खरीखुरी अवस्था आहे, ढोंग नाही. पण नुसतं "सोडीन" म्हणू नका. "ठेल्यावर कोणी खर्र्याची पन्नी पुढं केली की मी खिशातली बडीशेप तोंडात टाकून तिथून निघेन" इतकं नेमकं ठरवा, असे ठराव जास्त टिकतात हे मानसशास्त्रात बऱ्याचदा दिसलंय. आणि 1800-11-2356 हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी टोल फ्री नंबर आहे, तिथं फोन करा.