पहिल्यांदाच विणकाम शिकायचंय, क्रोशा घेऊ की दोन सुया?

तुम्ही लिहिलंय की देवगडला राहता, आजवर सुई हातात धरलेली नाही, चतुर्थीला दाराला स्वतःच्या हातचं तोरण लावायचंय आणि डिसेंबरात वहिनीच्या बाळासाठी स्वेटर-टोपडं करायचंय. मग माझं उत्तर सरळ आहे. आता क्रोशा घ्या, आणि गणपती विसर्जन झाले की सुया. तोरण क्रोशाचंच शोभतं आणि स्वेटर सुयांचाच अंगाला नीट बसतो, म्हणून हा क्रम. मी वेंगुर्ल्याच्या बाजूला राहते आणि वीसेक वर्षं दोन्ही करते आहे.

सगळे तुम्हाला सांगतायत की क्रोशा सोपा. ते अर्धंच खरं आहे.

सुयांवर विणताना ओळीतले सगळे टाके एकाच वेळी उघडे असतात. साठ टाक्यांची ओळ म्हणजे साठ उघडे फासे, फक्त सुईच्या आधाराने उभे. मधलाच एक घसरला की तो खालच्या ओळीतल्या टाक्याला मोकळं करतो, तो त्याच्या खालच्याला, आणि बघता बघता शिडी पडते. किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करताना तुम्ही पाहिलं असेल, तिथे प्रत्येक घराला गाठ असते. एक धागा तुटला तर तेवढंच भोक पडतं. सुयांच्या विणीत गाठच नसते. क्रोशात उघडा फासा एकच असतो, आकड्यावरचा, म्हणजे टोकाला वळलेल्या क्रोशाच्या सुईवरचा. दारावर कोणी आलं, दूध उतू जायला लागलं, तर त्या एका फाशात सेफ्टी पिन अडकवायची आणि उठायचं. चुकलं तर दोरा ओढून हवं तेवढं उसवायचं आणि तिथूनच पुढे जायचं. घरकामात मधेमधे उठावं लागणाऱ्या बाईला ही फार मोठी सोय आहे.

पण सुयांवर पुढचा टाका कुठे आहे हा प्रश्न पडत नाही, तो समोर सुईवरच बसलेला असतो. क्रोशात आकडा नेमका कुठे खुपसायचा हे डोळ्यांना शिकावं लागतं, आणि नवीन माणूस अडतो तो इथेच. माझा पहिला रुमाल 20 खांबांनी (खांब म्हणजे क्रोशाचा उभा टाका) सुरू झाला आणि दहाव्या ओळीला 11च उरले. चौकोनाचा त्रिकोण होत चालला होता आणि कुठे चुकतंय ते दोन दिवस कळेना. चूक अशी होती: ओळ पलटताना आपण तीन साखळ्या (एकातून एक ओढलेले फासे) घालतो, त्या तीन साखळ्या म्हणजेच त्या ओळीचा पहिला खांब. पुढची ओळ संपवताना शेवटचा खांब त्या साखळ्यांच्या सगळ्यात वरच्या टोकात घालायचा असतो. ते टोक कडेला दुमडून बसतं, दिसतच नाही, आणि दर ओळीला एक खांब गळतो. तिसरी साखळी घातली की लगेच तिच्यात रंगीत दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेवा. पहिला आठवडाभर प्रत्येक ओळ मोजा, कंटाळा आला तरी मोजा.

मोबाईलवर बघून शिकणार असाल तर आणखी एक घोळ आधीच समजून घ्या. आपण ज्याला मुका खांब म्हणतो, म्हणजे दोरा न गुंडाळता घातलेला आखूड टाका, त्याला अमेरिकन पद्धतीत सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश पद्धतीत डबल. आपला साधा खांब अमेरिकन डबल, तर ब्रिटिश ट्रेबल. आपल्याकडची जुनी पुस्तकं बहुधा ब्रिटिश पद्धतीची, व्हिडिओ बहुतेक अमेरिकन. एकच नमुना दोन्हीकडून बघून केला तर माप चुकणारच. नावावर जाऊ नका, आकड्यावर दोरा किती वेळा गुंडाळतायत ते बघा.

सामानात हात आखडू नका, पण फार घेऊही नका. 3.5 मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा एक आकडा आणि जाडसर सुती दोरा, बस्स. रंग फिका घ्या, काळ्या किंवा गडद निळ्या दोऱ्यात टाके दिसत नाहीत. तोरणाचा बारीक पांढरा दोरा आणि त्याचा बारीक स्टीलचा आकडा महिनाभराने आणा. तो आकडा मात्र वापरून झाला की पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा. आपल्या खाऱ्या हवेत, त्यात आषाढात, उघड्यावर राहिलेल्या हलक्या स्टीलला गंज धरतो आणि पांढऱ्या दोऱ्यावर पडलेला गंजाचा डाग साध्या धुण्याने जात नाही. माझं एक अर्धं तोरण असं गेलंय, अजून हळहळ वाटते.

आता बाळाचं. विणलेला स्वेटर ताणला जातो आणि परत जागेवर येतो, म्हणून रडणाऱ्या बाळाचा हात बाहीतून सहज जातो. क्रोशाचं कापड त्या मानाने जाड आणि कमी ताणलं जाणारं, तेच तोरणाला आणि पिशवीला आकार देतं. सुया घेताना दुकानदार जुन्या नंबरांत बोलेल. त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक: 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 11 नंबर म्हणजे 3. तुम्ही 8 घ्या. पहिला स्वेटर सगळ्या ओळी सुलट (दोरा मागे ठेवून घातलेला साधा टाका) घालूनच करा. एक ओळ सुलट, एक ओळ उलट (दोरा पुढे ठेवून) केली की कडा गुंडाळतात आणि नवीन माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

आणि कृपा करून त्यासाठी स्वस्तातली चकचकीत लोकर घेऊ नका. ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक असते, घाम शोषत नाही. आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत आंघोळीनंतर बाळाला शेक-धुरी देतात, आणि अ‍ॅक्रिलिक विस्तवाजवळ वितळून कातडीला चिकटतं. आपल्या डिसेंबरला मऊ सुती दोरा पुरेसा आहे. मोजे केलेत तर आतून एकही धागा लोंबता ठेवू नका, बाळाचं बोट त्यात अडकतं.

सुयांवर टाका सुटेल, सगळ्यांचा सुटतो. तेव्हा सुया तशाच मांडीवर ठेवा, ओढाओढ करू नका. क्रोशाचा आकडा समोरून त्या सुटलेल्या फाशात घाला, शिडीची सगळ्यात खालची आडवी पायरी पकडून फाशातून ओढून घ्या, मग तिच्या वरची. सगळ्या ओळी सुलट असल्या तर एक पायरी समोरून आणि पुढची मागच्या बाजूने, असं आळीपाळीने. वर पोचलात की टाका परत सुईवर चढवा. चतुर्थीपर्यंत आकडा तुमच्या हातात बसलेला असेल, त्यामुळे हे तुम्हाला पहिल्या दिवशीच जमेल.