वरण वेगळं, भाकर वेगळी : नट्यांच्या डाएट प्लॅननं वजन खरंच उतरतं का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका नटीचा डाएट प्लॅन बचत गटाच्या ग्रुपवर आलाय. दुपारी बारापर्यंत नुसती फळं, दुपारी भाकर-भाजी पण वरण नाही, रात्री अंडी किंवा पनीर पण पोळी-भात नाही, आणि जेवणावर फळ तर कधीच नाही, कारण म्हणे ते पोटात सडतं. तुमच्या जाऊबाईंनी सुरू केलाय, पहिल्याच आठवड्यात काटा दोन किलोनं खाली आला, आणि आता शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या सासूबाईंनाही हाच प्लॅन द्यायचं घरात चाललंय.

आधी सासूबाईंचं सांगते, ते घाईचं आहे. देऊ नका. शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेऊन वेळेवर पुरेसं खाल्लं नाही तर साखर एकदम खाली जाते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस चक्कर येऊन पडतो. सकाळची गोळी आणि बारापर्यंत पपईच्या चार फोडी हा त्यांच्या वयात धोक्याचा मेळ आहे. डॉक्टरांना गोळीचं पाकीट दाखवून विचारल्याशिवाय त्यांच्या जेवणाच्या वेळा हलवू नका.

आता प्लॅनचं. मी तालुक्याच्या कॉलेजात गृहअर्थशास्त्र शिकवते, आहारशास्त्राचा पेपर माझ्याकडे असतो, त्यामुळे असले प्लॅन पोरींच्या मोबाइलवरून माझ्यापर्यंत येतातच. वजन उतरतं का? उतरतं. पण ते वरण आणि भाकर वेगळी केल्यानं नाही. कमी खाल्ल्यानं.

ही कल्पना त्या नटीची नाही, तिच्या डाएटिशियनचीही नाही. डॉ. विल्यम हॉवर्ड हे (‘हे’ हे त्यांचं आडनाव, Hay) या अमेरिकी डॉक्टरांनी शंभरेक वर्षांपूर्वी ती मांडली. त्यांचं म्हणणं असं की पिठूळ पदार्थ पचायला अल्कली (आम्लाच्या उलट गुणाची) लागते, प्रथिनं पचायला आम्ल लागतं. दोन्ही एका जेवणात आले की एकमेकांचं काम बिघडवतात आणि अन्न पोटात आंबत बसतं. पुढे १९८१ मध्ये ज्यूडी मॅझेल या बाईंनी तेच हॉलिवूडच्या थाटात ‘बेव्हर्ली हिल्स डाएट’ म्हणून आणलं. पहिले दहा दिवस नुसती फळं! पुस्तक धडाधड खपलं. बाईंचं आहारशास्त्राचं शिक्षण झालेलं नव्हतं. त्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये या डाएटच्या धोक्यांवर लेखही आला, पण असे लेख ग्रुपवर फिरत नसतात. तेव्हापासून दर काही वर्षांनी नवा चेहरा लावून तोच माल बाजारात येतो.

पोटात प्रत्यक्षात काय होतं ते बघा. भाकरीचा घास चावतानाच लाळेतलं एन्झाइम पिठावर कामाला लागतं. जठरात आम्ल असतं, तुम्ही नुसती फळं खा नाहीतर मटण खा, ते असतंच. तिथे प्रथिनं फुटायला लागतात. मग सगळं लहान आतड्यात उतरतं. तिथे आम्लाचा जोर मोडला जातो आणि स्वादुपिंड पिठासाठी, प्रथिनांसाठी आणि तेलातुपासाठी अशी तिन्ही एन्झाइमं एकाच रसातून सोडतं. एकाच वेळी, एकाच जागी. शरीराची रचनाच मिसळलेलं जेवण पचवायची आहे. आईच्या दुधात साखर, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ तिन्ही असतात आणि तान्ह्या लेकराला ते पचतं. मग धडधाकट बाईला वरण-भात का पचू नये?

मागे वर्गातली एक पोरगी असाच प्लॅन घेऊन आली होती. वहीत उभी रेघ मारलेली, डाव्या बाजूला ‘कार्ब’, म्हणजे कर्बोदकं, पिठूळ पदार्थ, उजव्या बाजूला ‘प्रोटीन’. डावीकडे भाकर, पोळी, भात, आलू. उजवीकडे अंडी, पनीर, चिकन. मला म्हणे, “मॅडम, तुरीचं वरण कोण्या बाजूले लिहू?” आम्ही अन्नघटकांचा तक्ता उघडला. १०० ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं आणि पन्नासच्या वर ग्रॅम कर्बोदकं. हरभऱ्याचं तेच, मुगाचं तेच. ज्वारी डावीकडे टाकली होती, तर तिच्यातही १०० ग्रॅममागे दहाएक ग्रॅम प्रथिनं निघाली. फल्लीदाणे (शेंगदाणे) कुठे टाकावेत यावर तर वर्गात भांडण लागलं, कारण त्यात प्रथिनं भरपूर आणि तेल त्याहून जास्त. शेवटी तिनं रेघच खोडून टाकली. निसर्गानंच जे एका दाण्यात घातलंय ते ताटात वेगळं कसं करणार? ज्यांच्या प्रथिनाचा अर्थ उकडलेली कोंबडी असा होतो, त्यांच्यासाठी ही रेघ निदान मारता तरी येते. आपल्याकडे गोळाभात आहे, पातोडीचा रस्सा आहे, वरण-रोडगे आहेत, ज्वारीच्या भाकरीवर झुणका आहे. या रेघेनं आपल्याकडचं अर्धं स्वयंपाकघर बाद होतं.

हे कोणी तपासून पाहिलंय का, तर हो. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या संशोधकांनी ५४ लठ्ठ रुग्णांना सहा आठवडे दवाखान्यात ठेवून जेवण दिलं. दोन गट. दोघांनाही रोज सुमारे ११०० कॅलरी. फक्त एका गटाला कर्बोदकं आणि स्निग्ध पदार्थ वेगवेगळ्या वेळी, दुसऱ्याला नेहमीसारखं मिसळलेलं. २००० साली निष्कर्ष छापून आले. वेगवेगळं खाणाऱ्यांचं वजन सरासरी ६.२ किलोनं उतरलं, मिसळून खाणाऱ्यांचं ७.५ किलोनं. संख्याशास्त्राच्या हिशेबानं हा फरक धरण्याजोगा नाही, पण झुकाव कुणीकडे आहे ते दिसतंच. ११०० कॅलरीत कोणाचंही वजन उतरेल, मग ताटाची वाटणी कशीही करा.

मग जाऊबाईंचे दोन किलो? त्यातलं बरंचसं पाणी. शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि दर ग्रॅममागे अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं एकदम कमी केलं की आधी तो साठा जातो, सोबत पाणीही जातं आणि काटा खूश करतो. चरबी एवढ्या वेगानं जात नाही. जाऊबाई पोळी-भाकर पुन्हा नेहमीसारखी खायला लागल्या की पाणी परत येईल, आणि तेव्हा “वजन पुन्हा वाढलं, माझंच चुकलं” असं त्या म्हणतील, तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

मला या प्लॅनचा खरा राग येतो तो वेगळ्याच कारणासाठी. आपल्याकडे बाई कापूस वेचायला सकाळी वावरात जाते ती दुपार होईपर्यंत. तिला बारापर्यंत फळांवर ठेवलं तर ती वाकून वेचेल कशी? आणि दुपारी भाकरीसोबतचं वरण काढून घेतलं तर उरतं काय? नुसती भाकर आणि ठेचा. रात्रीचं पनीर काही प्रत्येकीच्या घरात येत नाही. म्हणजे सिनेमातल्या बाईच्या प्लॅनमधलं जे फुकटचं आहे ते आपण घेतो, वरण बंद करण्याचं, आणि जे महागाचं आहे ते राहून जातं.

शिवाय एकत्र खाण्याचे फायदे खरे आहेत. ज्वारी-तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल (प्रथिनाचा एक घटक) कमी असतं, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळतं. पालेभाजीवर किंवा वरणावर लिंबू पिळलं की त्यातलं लोह अंगी जास्त लागतं, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की तेच लोह वाया जातं. नुसती भाकर किंवा नुसता भात खाल्ला तर साखर जेवढी चढते, त्यापेक्षा वरण-भाजीसोबत खाल्ला तर कमी चढते. म्हणजे शुगरच्या माणसाला तर हा प्लॅन नेमका उलटा आहे.

कोणी म्हणेल आयुर्वेदातही विरुद्ध आहार सांगितलाय. सांगितलाय, पण दूध-मासे, तूप-मध समप्रमाणात, अशा जोड्या आहेत त्या. वरण-भात त्यात नाही. आणि आपल्या भागात गाजलेलं दीक्षित डाएट हा वेगळाच विषय आहे. काटोलचे नेते श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून आलेलं ते डाएट किती वेळा खायचं यावर आहे, कशासोबत काय खायचं यावर नाही. दोन्हीची खिचडी करू नका.

वजन उतरवायचंच असेल तर जाऊबाईंना म्हणा, वरण बंद नको, घट्ट करा. बऱ्याच घरी मूठभर डाळीत गंजभर पाणी असतं, पळी घातली तर तळाशी चार दाणे लागतात. ते वरण नव्हे, फोडणीचं पाणी. वाटीभर घट्ट वरण, त्याहून जास्त भाजी, वर सांबार (कोथिंबीर) आणि लिंबू, आणि भाकर एक कमी. तेल बाटलीतून सरळ कढईत ओतू नका, चमच्यानं मोजा, कारण एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात आणि आपल्या तर्रीला किती चमचे जातात हे कोणी मोजतच नाही. चहा दिवसातून चार वेळा होत असेल तर त्यातली साखरही धरा. महिन्याला एक-दीड किलो उतरलं तरी ते चांगलं आहे.

राहिला जेवणावरच्या संत्र्याचा प्रश्न. सडत नाही. जठरातल्या आम्लात सडवणारे बहुतेक जंतू टिकतच नाहीत. उलट वरण-भाकरीवर संत्रं खाल्लं तर लिंबासारखाच त्याचाही लोहाला हातभार लागतो. वरूड-मोर्शीची संत्री बाजारात आली की जेवणावर खुशाल खा, फक्त रस काढून पिऊ नका. एका ग्लासात तीन-चार संत्र्यांची साखर जाते आणि चोथा बाहेर राहतो. सासूबाईंना मात्र एका वेळी एकच.