पक्षांतर, पक्षांतर्गत आणि मगवंप

प्रश्न असा: ‘अमेरिकी सिनेटर कार्ल शुर्त्स यांनी १८७२मध्ये पक्षांतर्गत केले’ हे वाक्य बरोबर का, आणि त्यांना चिकटलेल्या ‘मगवंप’ या नावाला मराठी शब्द कोणता?

वाक्य साफ चूक. हे ‘पक्षांतर्गत केले’ ऐकून कान किटले आहेत. अंतर्गत म्हणजे आतलं. कुरबुर पक्षांतर्गत असते, बंडाळी पक्षांतर्गत असते. नुसतं ‘पक्षांतर्गत’ कुणाला करता येत नाही. ‘पक्षांतर’मधल्या ‘अंतर’चा अर्थ ‘दुसरा’. संस्कृत वैयाकरण असे समास मयूरव्यंसकादी गणात (नेहमीच्या नियमांत न बसणाऱ्या समासांच्या यादीत) घालतात: अन्यः देशः देशान्तरम्. मुळात देशांतर ही कृती नव्हे, ठिकाण. ‘तो देशांतरी गेला’ यात तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. भाषांतर, धर्मांतर, पक्षांतर यांत मात्र मराठीने त्या ‘दुसऱ्या’ची कृती करून टाकली. ‘दोन पक्षांतलं अंतर ओलांडणं ते पक्षांतर’ अशी फोड करणाऱ्या पंडितांनी मग वेषांतर करताना किती फूट अंतर ओलांडावं लागतं तेही सांगावं.

शुर्त्सना (‘शुर्झ’ नको, नाव जर्मन आहे) दोन्ही शब्द लागतात, पण वेगवेगळ्या वर्षी. ते १८६९ ते १८७५ मिझुरीचे रिपब्लिकन सिनेटर. १८७०मध्ये त्यांच्या गटाने डेमोक्रॅटांच्या मदतीने ग्रॅट्झ ब्राऊन यांना राज्याचा गव्हर्नर केलं. ही पक्षांतर्गत बंडाळी. १८७२मध्ये सिनसिनाटीला ‘लिबरल रिपब्लिकन’ अधिवेशन भरलं, अध्यक्षस्थानी शुर्त्सच. तिथे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष ग्रँटविरुद्ध होरेस ग्रीली यांना उभं केलं. इथे ‘पक्षांतर’ चालेल. ग्रीली सपाटून हरले. शुर्त्स १८७६मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार हेझ यांच्या बाजूने परतले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या मंत्रिमंडळात गेले.

आता खरी मेजवानी. १८८४मध्ये रिपब्लिकनांनी ब्लेन यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. त्यांच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप होते, म्हणून शुर्त्ससह बरेच जण डेमोक्रॅट क्लीव्हलंडच्या पाठीशी उभे राहिले. या फुटलेल्यांना लोक हिणवून म्हणाले ‘मगवंप’. शब्द युरोपातला नव्हेच! तो मॅसॅच्युसेट्सच्या मूळ रहिवाशांच्या अल्गाँक्वियन भाषेतला ‘मग्‌क्वॉम्प’, म्हणजे लढाईतला म्होरक्या. जॉन एलियट यांनी १६६३मध्ये त्या भाषेत बायबल छापलं, त्यात उत्पत्तीच्या ३६व्या अध्यायातल्या एसावाच्या वंशातल्या सरदारांसाठी हाच शब्द आहे. सरदाराचा पुढे झाला ‘स्वतःला सरदार समजणारा’. आपल्याकडे ‘शहाणा’चं जे झालं तेच.

नंतर कुणा विनोदवीराने व्युत्पत्ती रचली: मगवंप हा कुंपणावर बसलेला पक्षी, ‘मग’ म्हणजे थोबाड एका बाजूला आणि ‘वंप’ म्हणजे बूड दुसऱ्या. थट्टा आहे, पण मला आवडते, कारण पक्षी आणि पक्ष मराठीत एकाच घरचे. पक्ष म्हणजे पंख. ज्याला पक्ष तो पक्षी. त्या हिशेबाने पक्षांतर करणारा फक्त पंख बदलतो, असं माझं लाडकं मत. त्याला कोशाचा आधार मागू नये.

त्या थट्टेवरूनच ‘कुंपणावर बसणारा’ असा प्रतिशब्द सुचवणाऱ्यांशी मी भांडणार. तो इंग्रजीचा उसना. आपल्याकडे त्याला दोन्ही डगरींवर पाय ठेवणं म्हणतात. शिवाय शुर्त्स अधांतरी कधीच नव्हते, दर वेळी उघडपणे एका बाजूला असायचे. १८९६मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे डेमोक्रॅट उमेदवार ब्रायनविरुद्ध, १९००मध्ये साम्राज्यविस्ताराच्या प्रश्नावर ब्रायनसोबत. ‘आयाराम-गयाराम’ तर नकोच. तो १९६७च्या हरियाणातल्या पक्ष बदलणाऱ्या आमदार गयालाल यांच्यावरून आला, त्याला सत्तेच्या सौद्याचा वास आहे. आणि १८८४मध्ये शुर्त्सकडे विकायला सिनेटचं मतही नव्हतं.

‘बंडखोर’ जवळ जातो. फारसी ‘खोर’ म्हणजे खाणारा, लाचखोर-नफेखोरातला तोच. पण मगवंपातली टवाळी त्यात उतरत नाही. मी ‘मगवंप’च ठेवीन.