शाळेत 'मानसिक आरोग्याचा तास' घेऊन मुलं खरंच खंबीर होतात का?

तुमच्या मुलाच्या शाळेने आठवीपासून आठवड्याला एक तास 'मानसिक आरोग्य व लवचिकता' यासाठी ठेवलाय, त्याचे वेगळे पैसेही मागितलेत, आणि यात काही दम आहे की नुसता देखावा असं तुम्ही विचारलंय. मी पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते आणि चार वर्षांपासून असा तास घेते. तासाने थोडं होतं. बाकीचं तासाबाहेर होतं, आणि पैसे भरण्याआधी तुम्ही चौकशी त्याची करावी असं माझं मत आहे.

आमच्या वेळापत्रकात 'लवचिकता' (म्हणजे धक्का बसला तरी सावरण्याची ताकद) लागलं तेव्हा निम्मी पोरं पीटीचा तास समजून मैदानात जाऊन उभी राहिली होती. तो शब्द मी तेव्हाच सोडला. आमच्या बऱ्याच मुलांचे आजोबा नाहीतर मामा काटोल-सावनेरकडे शेती करतात, म्हणून मी पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, उदाहरण घेतलं, की पावसाने ओढ दिली तरी ती कशी तग धरते. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "खाली ओल असली तर धरते मॅडम, नाहीतर वाळून जाते." मी पुढचं बोलायचं विसरले. मी पऱ्हाटीला शिकवत होते, जमिनीकडे बघतच नव्हते.

सुरुवातीला मुलांकडे एकच शब्द होता, टेन्शन. घरी भांडण झालं, टेन्शन. मैत्रीण बोलत नाही, टेन्शन. गणिताचा पेपर, टेन्शन. भीती, लाज, हेवा, अपमान हे वेगळे करायला शिकवलं की मुलं नेमकं सांगू लागतात, आणि नेमकं सांगितल्याशिवाय मदत तरी काय करणार? तासातून मिळालेली सगळ्यात टिकाऊ गोष्ट मला हीच वाटते. पेपरच्या आधी श्वास सावकाश सोडायला शिकवते, त्यानेही हाताची थरथर कमी होते. पण ज्या घरात रोज रात्री आरडाओरडा आहे तिथे श्वास मोजून काय होणार?

दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात मी एक प्रयोग केला. नागपूरकरांना मारबत सांगायला नको. इतरांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे म्हणजे पुरुषांचे पुतळे, आणि 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' असा गजर. मी वर्गात पुठ्ठ्याचा बडग्या ठेवला आणि म्हटलं, त्याने काय घेऊन जावं ते नाव न टाकता लिहा. अपेक्षेप्रमाणे बाबांची दारू आली, दादाशी होणारी तुलना आली, ट्यूशन आली. आणि सत्तावन्न चिठ्ठ्यांपैकी अकरांमध्ये मी आले. चाचणीचे पेपर वाटताना मी गुणांच्या क्रमाने नावं घेत असे. शेवटची पाच-सहा पोरं आधीपासूनच मान खाली घालून बसायची, आणि मला वाटायचं की त्यांचं लक्ष नाही. पुढच्या चाचणीपासून पेपर घडी घालून बाकावर ठेवायला लागले. त्याला ना तास लागला ना फी.

तासापेक्षा शाळेचं वातावरण जास्त मोलाचं, हे फक्त माझं निरीक्षण नाही. ब्रिटनमध्ये आठ हजारांवर मुलांच्या अभ्यासात शाळेत सजगता-ध्यान (माइंडफुलनेस, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याचा सराव) शिकवून पाहिलं. 2022 साली निष्कर्ष आले, तर नेहमीच्या तासांपेक्षा काही वेगळा फायदा दिसला नाही. बरीच मुलं घरी सरावच करत नव्हती. उलट बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी शाळांत 'सेहेर' नावाचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2018 चे. तिथे संपूर्ण शाळेचं वातावरण बदलण्यावर भर होता: तक्रारपेटी, भित्तिपत्रक, मुलांचे गट, आणि गरज असेल त्याच्याशी एकट्याने बोलणं. हे काम प्रशिक्षण दिलेल्या वेगळ्या समुपदेशकाने केलं तिथे उदासी आणि दादागिरी कमी झाली. तेच काम शिक्षकांवर सोपवलं तिथे फरक पडला नाही. वाचून मला राग आला होता. पण आदल्याच दिवशी ज्या बाईने वही फेकली, तिच्याकडे मन मोकळं करायला कोण जाईल?

माझी दुसरी चूक याहून मोठी. एका मुलीने घरातलं भांडण सांगितलं आणि पालकसभेत मी, चांगल्याच हेतूने, तिच्या आईजवळ विषय काढला. ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. तिच्या मैत्रिणीही नाही. आता पहिल्याच तासाला सांगते की तुमचं बोलणं माझ्याजवळच राहील, पण जिवाला धोका असेल किंवा कोणी अत्याचार करत असेल तर मला पुढे सांगावंच लागेल. लैंगिक अत्याचार असेल तर 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. लपवणारा शिक्षकच गुन्हेगार ठरतो. आणि कुणी 'जगावंसं वाटत नाही' म्हणालं, तर शांतपणे, सरळ विचारायचं. विचारल्याने ते मनात येतं ही आमच्या स्टाफरूममधली समजूत चुकीची आहे. मग त्या मुलाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मानसिक त्रासात फोनवर मदत देणारी सरकारची टेलिमानस सेवा 14416 वर चोवीस तास असते, फुकट आणि मराठीतही.

तेव्हा शाळेत जाऊन विचारा, समुपदेशक आहे का? सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा. असेल तर तो बसतो कुठे ते बघून या. मुख्याध्यापकांच्या केबिनमधून जावं लागत असेल तर एकही पोरगं तिकडे फिरकणार नाही. शिक्षकांना काय शिकवलंय, गुण जाहीर कसे करतात, हेही विचारा. आणि तो तास कितवा आहे ते वेळापत्रकात बघा. शेवटचा असेल तर जानेवारीत 'पोर्शन राहिलाय' म्हणून गणिताचे सर तो मागून नेतील. आमच्याकडे दरवर्षी नेतात.