आधी आगीला खालून श्वास द्या

तुमच्या स्मोकरमधून, म्हणजे धुरावर मांस शिजवायच्या भट्टीतून, पांढरा, दाट धूर येतो आणि मांस कडवट लागतं, याचा दोष लाकडाला देण्याआधी फायरबॉक्सचा, म्हणजे लाकूड जळतं त्या कप्प्याचा, तळ बघा. निखारे थेट पत्र्यावर पडलेत ना? मग राख साचली की हवा अडते आणि लाकूड जळण्याऐवजी नुसतं धुमसत राहतं. जाड सळयांची जाळी तळापासून चार-पाच इंच वर बसवा आणि हवेची झडप त्या जाळीच्या खाली येऊ द्या. माझ्या पहिल्या स्मोकरला एवढा एकच बदल केला, तर तासाभरात धूर विरळ, निळसर झाला. असाच धूर हवा.

धुराडं पूर्ण उघडं ठेवा, आच झडपेनेच सांभाळा. झाकणाच्या फटीतून हवा शिरत असेल तर झडप कितीही फिरवा, आग ऐकणार नाही. तिथे उष्णता सोसणारी फायबरग्लासची दोरी लावा.

पत्रा पातळ असेल तर आच सारखी वरखाली होते. पुढच्या वेळी फायरबॉक्स बनवाल तेव्हा तो शक्यतो ६ मिमी पत्र्याचा करा. मात्र जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा आत अजिबात वापरू नका. तापल्यावर त्यातून विषारी वाफा निघतात, वेल्डिंग करतानाही.

आणि हो, लाकूड मनगटाएवढं जाड, नीट वाळलेलं घ्या. पुढचा तुकडा फायरबॉक्सच्या डोक्यावर तापत ठेवला, तर आत टाकताच पेट घेतो.